मज्जासंस्था : रचना, कार्य आणि पक्षाघाताची घटका

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मज्जासंस्थेविषयी सोप्या भाषेत चार गोष्टी सांगाव्यात, अशी विश्वस्तांची आज्ञा आहे. विषय अफाट आहे. म्हणून बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलेले नातेवाईक आम्हांला जे प्रश्न विचारतात, त्यांच्याच वाटेने जाण्याचे मी ठरविले आहे. ‘गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला, मग लुळा पडला तो उजवा हात कसा?’ ‘हाताला तर काही लागले नाही, मग हात का चालत नाही?’ हे प्रश्न भाबडे नाहीत. त्यांच्या उत्तरांत मज्जासंस्थेची बहुतेक रचना येऊन जाते.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के. परंतु शरीर जो प्राणवायू वापरते, त्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याला लागते आणि त्याच्यापाशी शिल्लक अशी जवळपास नसते. स्नायू काही काळ उधारीवर काम करू शकतो. मेंदूला ती सवलत नाही. ही एक गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. प्रत्येक पेशीला एक लांब तंतू असतो आणि त्यावरून विद्युत्संदेश धावतो; एका पेशीकडून दुसरीकडे जाताना मात्र तो रासायनिक द्रव्याच्या रूपाने मधली फट ओलांडतो. तंतूवर स्निग्ध वेष्टन असेल, तर संदेशाचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे जातो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला जेमतेम मीटरभर असतो. पायाला ठेच लागली की स्पर्श आधी कळतो आणि ठणका मागाहून येतो, त्याचे कारण हेच.

यांतील काही तंतू किती लांब असावेत? कमरेच्या पातळीवरील पेशीचा तंतू थेट पायाच्या अंगठ्याजवळ पोहोचतो, म्हणजे एक पेशी जवळजवळ एक मीटर लांब! मधुमेहात प्रथम इजा होते ती या सर्वांत लांब तंतूंना. ‘चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि ते कळतसुद्धा नाही,’ अशी तक्रार घेऊन अनेक मधुमेही येतात. कुटुंबीय ती हसण्यावारी नेतात. तसे करू नये. मज्जातंतूंनी दिलेली ती पहिली वर्दी असते.

मेंदूतून निघणारी मोठी वाहिनी म्हणजे मेरुरज्जू. करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. तो पाठीच्या कण्यातून खाली येतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. थेट मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्या वेगळ्या. मेरुरज्जू हा नुसता निरोप्या नव्हे. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो, तो निर्णय मेरुरज्जूचाच. मेंदूला खबर नंतर मिळते.

मेरुरज्जूतील पेशींचे महत्त्व या शहराने एका साथीत पाहिले आहे. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे लाल होत, चार-आठ दिवसांत बरे होत आणि लोक कामावर परतत. पण काही आठवड्यांनी त्यांतील थोड्या प्रौढांना कमरेत व पायांत वेदना सुरू झाल्या आणि पाय लुळे पडले. बहुधा एक पाय अधिक, दुसरा कमी. स्पर्शाची जाणीव मात्र बहुतांशी शाबूत. पोलिओसारखे हे चित्र, पण लहान मुलांत नव्हे, कर्त्या माणसांत. डॉ. एडी भरुचा, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी या रुग्णांची नोंद केली आणि १९७२-७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून ती जगापुढे मांडली. साथीचा विषाणू पोलिओच्याच कुळातला निघाला. मेरुरज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, नेमक्या त्यांनाच त्याने गाठले होते. म्हणूनच हालचाल गेली आणि जाणीव राहिली. पायाच्या दुखण्यासाठी आलेल्या माणसाला ‘गेल्या महिन्यात डोळे आले होते का?’ असे विचारणे, ही माझ्या मते या शहराच्या वैद्यकीतील फार मोठी गोष्ट होय.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध. हालचालीचे हुकूम वाहणारे बहुसंख्य तंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. त्यामुळे डावा गोलार्ध उजवे अंग चालवितो आणि उजवा डावे. शिवाय बहुतेक माणसांची भाषा डाव्या गोलार्धात वसते; १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी एका वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूवरून याचा पहिला ठळक पुरावा दिला. आणखी एक मौज अशी की, मेंदूच्या पृष्ठभागावर पाठीला वा मांडीला फारच थोडी जागा मिळाली आहे. हात, चेहरा आणि जीभ यांना मात्र ऐसपैस. हे तिघे शेजारी आहेत आणि त्यांना बहुतांशी एकच रोहिणी रक्त पुरविते. ती तुंबली की तोंड वाकडे होते, हात गळतो आणि बोलणे अडखळते, तिन्ही एकदम. हात स्वतः धडधाकट असतो. त्याला हुकूम देणारा भाग उपाशी असतो.

पक्षाघात म्हणतात तो हाच. तो किती जणांना होतो? याचे उत्तर आपल्या उपनगरांतच शोधले गेले. डॉ. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत महापालिकेच्या ‘एच’ विभागातील, म्हणजे वांद्रे-सांताक्रूझ पट्ट्यातील, सुमारे दीड लाख वस्तीची पाहणी केली. आयुष्यात प्रथमच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले. वर्षाला लाखामागे सुमारे १४५. सरासरी वय ६६. पाचांतील चौघांना गुठळीमुळे आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना मेंदूतील रक्तस्रावामुळे. २८ दिवसांच्या आत दहांतील सुमारे तिघे दगावले. पुढचे मात्र आकड्यात येत नाही. घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेले वडील म्हणजे काय, हे या सभागृहातील कित्येकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

मोठी रोहिणी तुंबली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका लाभ अधिक. मोठी रोहिणी बंद असल्यास जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचार २०१५ पासून सिद्ध झाला आहे. निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो. परंतु तो प्रत्येकासाठी नाही आणि स्वस्तही नाही.

हे साडेचार तास कोठे जातात? रस्त्यावर थोडे, घरात फार. लालबहादूर शास्त्री मार्गावरची कोंडी सर्वांना दिसते. ‘जरा पडू द्या, सकाळी बघू’ ही घरातली कोंडी कोणाला दिसत नाही. कोणी तेल चोळतो, कोणी पारव्याचे रक्त मिळते का पाहतो. चोळायचे ते हाताला, आणि बिघाड मेंदूत! मी कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द करीत नाही. पण त्या दोन तासांत काय गेले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

तेव्हा, घरात कोणाचे तोंड अकस्मात वाकडे झाले, उचललेला एक हात खाली येऊ लागला, बोलणे बोबडे वा असंबद्ध झाले, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ती लांब असेल तर रिक्षा करावी आणि सीटी स्कॅनची सोय अहोरात्र असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी की रक्तस्राव, हे बाहेरून कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून घरीच ॲस्पिरिन देऊ नये. पाणी वा चहाही पाजू नये; गिळण्याचे नियंत्रण बिघडलेले असल्यास तो घोट फुप्फुसात जातो. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून आणावी. झोपेतून उठताना लक्षणे दिसली, तर ‘सकाळी सहा’ असे सांगू नये. रात्री किती वाजता नीट बोलून झोपले, ते सांगावे. आणि लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली, तरीही यावे. तशा माणसाला पुढच्या एक-दोन दिवसांतच मोठा झटका येण्याचा धोका असतो.

एक शेवटचा मुद्दा. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही, हे मोठ्या मेंदूपुरते बहुतांशी खरे. परंतु शेजारच्या पेशी नवे दुवे जोडतात, गेलेले काम थोडेफार उचलतात. मात्र त्यांना ते पुनःपुन्हा करावयास लावले तरच. पहिले तीन महिने त्यासाठी सर्वांत मोलाचे. आमच्या भौतिकोपचार विभागात सुनेने सासऱ्यांचा हात धरून वाटीतले वाटाणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकावयास लावलेले मी पाहतो, तेव्हा बाहेरून तो पोरखेळ वाटतो. आत मेंदूच्या पृष्ठभागावर बोटांची हद्द पुन्हा आखली जात असते. हा उपचार महिनोन्महिने चालतो, रोज येण्याजाण्याचा खर्च असतो, आणि बरेच रुग्ण सहाव्या-सातव्या आठवड्यात येणे थांबवितात. विश्वस्तांनी रुग्णाच्या गाडीभाड्याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

सूत्रसंचालकांनी वेळेची खूण केली आहे. नातेवाईकांच्या चिठ्ठ्या माझ्यापर्यंत आल्या आहेत. त्यांतील पहिली फिट्सविषयी आहे, तिच्यापासून आपण सुरुवात करू.