विषमज्वराची गोळी आणि गोदेचे पाणी

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पावसाळ्यात सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत एखाद्याचा ताप चार दिवस उतरत नाही, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला शास्त्रशुद्ध. रक्त घ्यावे, प्रयोगशाळेत जीवाणू वाढवून पाहावेत, ते विषमज्वराचे आहेत काय आणि कोणत्या औषधाने मरतात याचा निर्णय व्हावा. याला ‘कल्चर’ म्हणतात. त्याला पैसे लागतात, काही दिवस लागतात आणि तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो. दुसरा मार्ग असा की, गल्लीतल्या डॉक्टरांनी विडाल चाचणी करवून, किंवा तीही न करता, अंदाजाने प्रतिजैविक लिहून द्यावे; रुग्णाने खिशात असतील तेवढ्या पैशांच्या गोळ्या घ्याव्यात आणि अंग हलके वाटताच कामावर जावे. विडाल चाचणी १८९६ सालची आहे. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे, एवढेच नव्हे तर दुसऱ्याच एखाद्या तापामुळेही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला पुरते ठाऊक आहे. तरीही ती देशभर चालते, कारण ती स्वस्त आहे. कामगार दुसरा मार्ग धरतो तो अडाणी म्हणून नव्हे. रोजंदारीच्या हिशेबात तोच एक मार्ग बसतो.

या हिशेबाची दुसरी बाजू मात्र कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही.

जुन्या पिढीला विषमज्वर ‘मुदतीचा ताप’ म्हणून ठाऊक होता. तीन-चार आठवड्यांची मुदत भरेपर्यंत उशाशी बसून राहणे एवढेच घरच्यांच्या हाती असे, आणि दहांतला एक तरी रोगी दगावत असे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने हे चित्र पालटले. परंतु १९७२ मध्ये केरळात कालिकतला आणि त्याच साली तिकडे मेक्सिकोत या औषधाला दाद न देणाऱ्या विषमज्वराच्या साथी आल्या. १९९० च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्हींना न जुमानणारा जीवाणू भारतभर पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे युग आले. तेही सरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रुग्णालय-जाळ्यात तपासल्या जाणाऱ्या विषमज्वराच्या बहुतांश जीवाणूंवर ते आता चालत नाही. हाती उरले मुख्यतः सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शन आणि ॲझिथ्रोमायसिनची गोळी. त्यांपैकी सेफ्ट्रिॲक्सोनलाही दाद न देणारा विषमज्वर मुंबईच्या रुग्णांत सापडल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत झालेली आहे. सिंधमधील हैदराबादेत २०१६ च्या अखेरीस अशाच जीवाणूची साथ सुरू झाली आणि ती पाकिस्तानात दूरवर पसरली; तेथे तोंडाने घेण्याचे असे एक ॲझिथ्रोमायसिनच शिल्लक राहिले. मुंबई तर नाशिकपासून पंचवटी एक्स्प्रेसच्या अंतरावर आहे.

औषध जीवाणूला नवी विद्या शिकवीत नाही. कोट्यवधींत एखाद्याला ती अपघाताने लाभलेली असते. औषध त्याच्या भाईबंदांना मारून त्याला रान मोकळे करून देते, इतकेच. शिवाय ही विद्या डीएनएच्या लहानशा कड्यांच्या रूपाने एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूच्या हवाली करू शकतो. सिंधमधील विषमज्वराला ती आतड्यात एरवी निमूट राहणाऱ्या ई-कोलाय या जीवाणूकडून मिळाली असावी, असे जनुकीय तपासणीत दिसून आले. म्हणजे सर्दी-पडशासाठी निष्कारण घेतलेली गोळीसुद्धा आतड्यात असे वाण तयार करून ठेवते. एक गोष्ट आशादायक आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर मागे पडल्यावर विषमज्वराचे बहुतेक जीवाणू त्याला पुन्हा दाद देऊ लागले आहेत. जमीन पड टाकली की तिचा कस परत येतो, तसा हा प्रकार आहे. पण पड कोणी टाकायची, हा प्रश्न वैद्यकाचा नसून अर्थशास्त्राचा आहे.

प्रतिजैविकाची उपयुक्तता ही गावच्या गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. गोळीची किंमत घेणारा चुकवितो आणि नफा विकणारा नेतो; तिच्या वापराने सर्वांच्या औषधाची जी धार कमी होते, तिचे मोल मात्र बाजारभावात कोठेच धरलेले नसते. पाठ्यपुस्तके यावर लोकांना शहाणे करण्याचा उपाय सुचवितात. ‘कोर्स पूर्ण करा’ हा उपदेश दवाखान्याच्या भिंतीवर लावणे सोपे आहे. परंतु गायरान उजाड होते ते गरिबाच्या एका शेळीने नव्हे. जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाला एक औषध जीवाणूसाठी आणि एक अमीबासाठी अशी जोडगोळी देण्याची रीत कारखान्यांच्या विक्री-प्रतिनिधींनी रुजविली, गल्लीतल्या आजारी माणसाने नव्हे. वास्तविक बहुतेक साध्या जुलाबांना प्रतिजैविक लागतच नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्या खाली आणले. मीठ-साखरेच्या पुडीत नफा नाही, म्हणून तिचा विक्री-प्रतिनिधी दारात येत नाही.

येथे समाजवाद्यांनी स्वतःचाही एक हिशेब तपासला पाहिजे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला, तेव्हा पेनिसिलिन ही राष्ट्राची मालमत्ता आहे, ही भूमिका त्यामागे होती. १९७० च्या पेटंट कायद्याने परदेशी मक्तेदारीला आळा बसला. १९७५ च्या हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी केली आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत असे सांगितले. हा लढा न्याय्य होता आणि त्यामुळेच गरिबाला औषध परवडले. परंतु चळवळीने उत्पादन आणि किंमत यांवर जेवढा भर दिला तेवढा वापराच्या सामाजिक नियंत्रणावर दिला नाही. डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सातारा जिल्ह्यातील औषध-वापराची पाहणी करून हाच प्रश्न मांडला होता; पक्षांच्या जाहीरनाम्यांत त्याला जागा मिळाली नाही. औषध स्वस्त झाले, नियमन मात्र झाले नाही. म्हणून औषध महाग करावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याला ते खरोखर हवे त्या मुलापर्यंत आजही ते वेळेवर पोहोचत नाही.

पिंपरीच्या त्या कारखान्याचे पुढे काय झाले, हे नाशिकच्या डाळिंब-बागाईतदाराला चांगले माहीत आहे. तो आजारी पडला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. आणि कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, त्याचे नाव उरले ते डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारायच्या ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ पुडीवर. क्षयरोग्यासाठी शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन आणि जोडीला टेट्रासायक्लिन असे ते मिश्रण. बागेवर कर्ज असलेल्या शेतकऱ्याने ते फवारले म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. केंद्राने २०२१ मध्ये शेतीतील या वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा आदेश काढला, तो योग्यच होता. परंतु बंदीबरोबर तेल्याला दुसरा परवडणारा उपाय देण्याची जबाबदारीही शासनाकडे येते.

आता पाण्याकडे वळू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत विषमज्वराचे वार्षिक प्रमाण दर लाख मुलांमागे वेल्लोरच्या शहरी वस्तीत ११७३, कोलकात्यात ७१४, दिल्लीत ५७६, तर पुण्याजवळच्या ग्रामीण भागात अवघे ३५ आढळले. पस्तीस आणि अकराशे यांतील अंतर गोळ्यांनी पडलेले नाही. जेथे दाटीवाटीच्या वस्तीत जलवाहिनी आणि गटार शेजारी शेजारी झिरपतात, तेथे हा रोग वसतो. गंगापूर धरणात पाणी असूनही ते कोणाच्या नळाला किती वेळ आणि किती दाबाने येते, हा वर्गीय प्रश्न आहे. नळ कोरडा राहिला की वाहिनीत बाहेरची घाण ओढली जाते.

गोदावरीची कथा वेगळी नाही. २०१५ च्या सिंहस्थातील नदीच्या पाण्याचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय पेशी-विज्ञान केंद्राच्या संशोधकांनी केला. स्नानाच्या काळात नदीतील जीवाणूंची घडणच बदलल्याचे त्यांना आढळले. हरिद्वार-ऋषिकेश येथे यात्रेच्या दिवसांत औषध-प्रतिकाराचे एनडीएम-१ हे जनुक गंगेत अनेक पटींनी वाढल्याचे दुसऱ्या एका अभ्यासात दिसले. श्रद्धेची टिंगल करण्याचे येथे काहीच कारण नाही. नदीत जे उतरते ते भाविकाच्या अंगावरून कमी आणि शौचालयांच्या अभावातून व अपुऱ्या मलनिस्सारणातून अधिक. २०२७ मध्ये स्नानासाठी देशभरातून येणारी माणसे येताना आपापल्या आतड्यांतले जीवाणू आणणार आणि परतताना येथले घेऊन जाणार.

नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये विषमज्वराची नवी लस सार्वजनिक मोहिमेतून एक लाखाहून अधिक मुलांना दिली. जगात सार्वजनिक यंत्रणेने असे करण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. जो रोग झालाच नाही त्याला गोळी लागत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. नाशिकने तो का करू नये? लस हा पाण्याला पर्याय नव्हे, पण वाहिन्या बदलेपर्यंतची वर्षे मुलांनी कशाच्या भरवशावर काढायची?

दुकानांचेही पाहिले पाहिजे. मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-वन’ लागू आहे. तीत आलेली प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. औषध निरीक्षकांनी ती नोंदवही किती दुकानांत उघडून पाहिली, हे विधिमंडळात विचारण्यास कोणाची आडकाठी नाही. ग्रामीण भागातील होमिओपॅथी व आयुर्वेदाच्या डॉक्टरांना दोष देऊनही भागणार नाही. आदिवासी पाड्यांजवळ अनेकदा तेच बसलेले असतात. त्यांना हवी आहे ती जवळची प्रयोगशाळा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. जिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या रुग्णालयांत विषमज्वराच्या प्रत्येक संशयिताचे कल्चर मोफत व्हावे. कोणते औषध चालते आणि कोणते चालत नाही, याचा तक्ता विद्यापीठाने दर सहा महिन्यांनी मराठीत छापून पेठ-सुरगाण्यापर्यंतच्या प्रत्येक डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचवावा. सिंहस्थाच्या कामांत घाट आणि रस्ते यांबरोबर हा खर्च धरला जावा, अशी मागणी वॉर्डावॉर्डांतून लेखी स्वरूपात महापालिकेकडे गेली पाहिजे.