लॅपटॉप ६१ टक्क्यांवर अडकला तेव्हा

आज बचत, कर्ज, परतफेड यातलं काही बोलणार नाही. आज लॅपटॉपबद्दल बोलायचं आहे. लगेच रेडिओचा आवाज कमी करू नका. आपल्या बहुतेक ग्रामसंघांचा हिशोब आता वहीत कमी आणि लॅपटॉपमध्ये जास्त आहे. तो अडकला तर आपलं काय होतं, ते आम्ही गेल्या पावसाळ्यात चांगलंच अनुभवलंय.

आमच्या ग्रामसंघात १४ गट. सगळ्यांची रोकड वही, मागणी-वसुली, बैठकीचं इतिवृत्त, घनसाळ तांदळाच्या ऑर्डरी, सगळं एकाच लॅपटॉपमध्ये. त्यात विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची अपडेट मिळणार नाहीत, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. अपडेट म्हणजे काय, तर घराच्या खिडकीची खिळखिळी झालेली कडी बदलणं. कडी बदलली नाही म्हणून घर पडत नाही, पण चोराला सोपं जातं. आपण त्याच लॅपटॉपवर बँकेचं काम करतो, म्हणून वेळेत विंडोज ११ घ्यायचं ठरवलं. आमच्या लॅपटॉपवर ते चालतं, असं त्यानेच तपासून सांगितलं होतं आणि पैसेही पडणार नव्हते.

ठरवलं ते बरोबर. चुकली ती वेळ. जुलैचा शुक्रवार, आजऱ्याकडचा पाऊस, संध्याकाळचे सहा. आणि पुढच्या मंगळवारी तीन गटांच्या वाढीव कर्जाचे कागद बँकेत द्यायचे होते. एवढ्या आडवेळेला हे काम काढलं, हा आमचाच दोष.

अपडेट सुरू झालं. पडद्यावर गोल फिरायला लागला, त्याखाली टक्के, आणि कॉम्प्युटर बंद करू नका अशी सूचना. साडेसातला वीज गेली. तेव्हा ३८ टक्के झाले होते. बॅटरी तासभर टिकली असती. मध्येच बॅटरी संपली तर अर्धं नवं आणि अर्धं जुनं विंडोज अशी खिचडी होते, एवढं आम्हाला माहीत होतं. शेजारच्या किराणा दुकानात इन्व्हर्टर आहे. झाकण मिटलं तर लॅपटॉप झोपतो, म्हणून उघडाच हातात धरला. एकीने वर छत्री धरली, एकीने चार्जर पोटाशी घेतला, आणि गौर आणावी तशी आम्ही त्याची वरात दुकानात नेली. दुकानदार काका हसले, पण जागा करून दिली.

साडेनऊला ६१ टक्के. अकरालाही ६१. दुकान बंद करायच्या वेळी वीज आली, परत ऑफिसात आणून प्लगला लावून ठेवला. सकाळी सातला जाऊन पाहिलं तर ६१.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगतो. टक्के हलत नाहीत म्हणजे काम बंद आहे असं नाही. मोठं अपडेट एकाच आकड्यावर तास-दोन तास बसून राहतं आणि मग एकदम पुढे जातं. काही लॅपटॉपना कडेला एक बारीक दिवा असतो, आत वाचन-लेखन चालू असलं की तो लुकलुकतो. आमच्या लॅपटॉपला आहे. दिवा लुकलुकत असेल तर हात लावायचा नाही, कितीही चीड आली तरी. तुमच्याला दिवा नसेल तर पंख्याचा आवाज ऐका आणि घड्याळ पाहा. दोन-तीन तास टक्का नाही, दिवा नाही, आवाज नाही, मग अडकला असं समजायला हरकत नाही. आमचा तर रात्रभर गप्प होता.

तालुक्याच्या एका दुकानाला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, घेऊन या, फॉरमॅट मारतो, तासात चालू करून देतो. डेटाचं विचारलं तर म्हणाला, तो जाईल. त्याचं काम मशीन चालू करण्याचं, त्याच्या परीने तो बरोबरच होता. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. आमचा ११ महिन्यांचा हिशोब त्या पाटीवर होता, आणि खरं सांगायचं तर लॅपटॉप आल्यापासून आम्ही वही लिहायची सोडून दिली होती. आमच्यातल्या आक्का तेवढ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "माझ्या वहीला कधी अपडेट आलं न्हाई बघा." कुणी काही बोललं नाही.

शेवटी ठरलं, दुकानात न्यायच्या आधी जे प्रशिक्षणात शिकलोय ते करून पाहू. पहिलं म्हणजे लॅपटॉपला जे जे टोचलेलं होतं ते काढलं. प्रिंटरची वायर, एक पेन ड्राइव्ह, नेटचा डोंगल. अशा बाहेरच्या वस्तूंमुळे अपडेट अडकतं हे बऱ्याचदा घडतं, आणि सुरू करण्याआधी त्या काढायच्या असतात. आम्ही काढल्या नव्हत्या. मग चालू-बंदचं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरलं, पूर्ण अंधार होईपर्यंत. हा शेवटचा उपाय, पहिला नाही. दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू केलं.

समोर निळा पडदा. त्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागितलेली. आमचे हातपायच गार पडले.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका, कारण आमचा खरा धडा अपडेटचा नव्हता, या किल्लीचा होता. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये आतली माहिती कुलूपबंद असते, चोरी झाली तरी कुणाला वाचता येऊ नये म्हणून. त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. एरवी ते आपोआप उघडतं, आपल्याला कळतही नाही. काही बिघडलं की ते संशय घेतं आणि किल्ली मागतं. ही किल्ली लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, त्या खात्यात ठेवलेली असते. आणि आमचं खातं कुणाचं? आमच्या आधीच्या बुककीपरचं! ती लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली. गटाच्या बँक खात्याला आम्ही अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा सह्या ठेवतो, आणि सगळा हिशोब ज्यात आहे त्याची किल्ली एका मुलीच्या मोबाइलवर!

नशिबाने तिचा नंबर तोच होता. सासरी पाहुणे आलेले, तरी तिने वेळ काढला. तिने खात्यात जाऊन पाहिलं. तिथे दोन किल्ल्या निघाल्या. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक येतो, तो जुळवून बरोबरची कोणती ते ठरवलं. मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती सांगायची, आमच्यातली एक मोठ्याने म्हणायची, दुसरी टाइप करायची, आणि आक्का, हो त्याच आक्का, वहीत लिहून घ्यायच्या. पाचव्या गटात एकदा चुकलं, तेव्हा वहीवरूनच सापडलं.

किल्ली लागली. पडद्यावर आलं की जुनं विंडोज परत आणलं जात आहे. अपडेट पुरं झालं नाही तर विंडोज स्वतःच मागे फिरतं, ही त्यातली चांगली सोय. अर्ध्या-पाऊण तासाने आमचा नेहमीचा पडदा, त्यावर घनसाळच्या पिशवीचा फोटो. काही जणींच्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कशाला.

त्यानंतर आम्ही अपडेटकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी हिशोबाचं फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर उतरवलं, एक अध्यक्ष ताईंच्या घरी, एक ऑफिसच्या कपाटात. मंगळवारी कागद बँकेत दिले. बुधवारी सकाळी, वीज आहे आणि काम नाही, अशा वेळी पुन्हा बसलो. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडलं की कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. मेळाव्यांचे व्हिडिओच ९० जीबी! एकच भाषण चार-चार जणींनी काढलेलं. ते दुसऱ्या डिस्कवर हलवले, कचऱ्याची टोपली रिकामी केली. पहिल्या वेळी जागा जेमतेम होती. आता भरपूर झाली. यावेळी काहीही टोचलेलं नव्हतं. पावणेतीन तासांत विंडोज ११ आलं. मागच्या वेळी नेमकं जागेने अडवलं की प्रिंटरने, ते आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आता दोन्हीची काळजी घेतो.

तुमच्यातल्या काही जणींचं वेगळंच होतं हे माहीत आहे. अपडेट डाउनलोड होतानाच शून्यावर किंवा मध्येच अडकतं. तेव्हा आधी नेट पाहा. मोठं अपडेट काही जीबींचं असतं, मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर ते कसं उतरणार? नेट ठीक असेल तर अर्धवट उतरलेल्या फाइली खराब झालेल्या असू शकतात. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन विंडोज अपडेट थांबवायचं. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, त्यात डाउनलोड नावाचं फोल्डर आहे, तेवढ्या एकातलंच रिकामं करायचं, लॅपटॉप बंद करून चालू करायचा. किडकं धान्य निवडत बसण्यापेक्षा पोतं रिकामं करून नव्याने भरावं, तसं. त्यात आपला हिशोब नसतो, त्यामुळे भीती नाही. बाकीच्या फोल्डरांना मात्र हात लावू नका.

आता लॅपटॉपचं खातं ग्रामसंघाच्या नावाच्या ईमेलवर आहे. किल्ली कागदावर लिहून पासबुकांबरोबर कुलपात ठेवली आहे. आणि दर महिन्याचा गोषवारा आक्कांच्या देखरेखीखाली परत वहीत लिहिला जातो.

पुढच्या शनिवारी आपल्या ऑफिसात सकाळी अकराला लॅपटॉप घेऊन या. प्रत्येकीचं खातं कुणाच्या नावावर आहे, किल्ली कुठे आहे, जागा किती उरली आहे, ते तिथेच बसून पाहू. येताना रिकामा पेन ड्राइव्ह आणा, आणि चार्जर विसरू नका. आमच्याकडे तीनच प्लग आहेत, म्हणून जमलं तर एक एक्स्टेंशन बोर्डही आणा. नमस्कार.