पांगणे आणि पेरणे



एका परक्या, जुन्या भाषेतले एकच क्रियापद घेऊन घटकाभर तुमच्यापुढे उभे राहायचे, हे धाडसच आहे. पण शब्द लहान असला, तरी त्याच्या पोटात कधीकधी हजारो माणसांचे दैव साठलेले असते. ग्रीक भाषेतले 'दियास्पेइरो' हे क्रियापद तसे आहे. त्याचा अर्थ विखुरणे, पांगवणे. त्यापासून झालेले 'दियास्पोरा' हे नाम परदेशी वसलेल्या समाजांविषयी आज जगभर वापरले जाते.

शब्दाची फोड सोपी आहे. 'स्पेइरो' म्हणजे पेरणे, आणि 'दिया' म्हणजे आरपार, चहूकडे. हे पेरणे आपल्या पाभरीचे नव्हे, मुठीने बी फोकण्याचे. शुभवर्तमानातला पेरणारा असाच बी फोकीत जातो. म्हणून काही दाणे वाटेवर पडतात, काही खडकाळीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत.

विखुरण्याला बायबलच्या ग्रीकमध्ये आणखी एक शब्दकुळी आहे : 'स्कोर्पिझो' आणि 'दियास्कोर्पिझो'. लांडगा येतो आणि मेंढरांची दाणादाण करतो, तेथे हा शब्द. धाकटा मुलगा दूरदेशी जाऊन बापाने दिलेली मालमत्ता उडवतो, तेथेही हाच. मराठीला हे नवे नाही. आपल्याकडे भ्यालेली गुरे उधळतात आणि पैसाही उधळला जातो. दोन्हीला क्रियापद एकच. पण उदार माणूस गोरगरिबांना मोकळ्या हाताने देतो, तेथेही पौलाच्या पत्रात 'स्कोर्पिझो'च येतो. म्हणजे एक शब्द वाईट आणि दुसरा चांगला, अशी वाटणी करता येत नाही.

आता 'दियास्पेइरो'कडे वळू. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ईजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात यहुदी धर्मग्रंथांचे हिब्रूतून ग्रीक भाषांतर सुरू झाले. ज्या लोकांसाठी ते झाले, ते स्वतःच मायभूमीपासून दूर राहणारे होते. त्या भाषांतरात बाबेलच्या कथेत हे क्रियापद येते. आपण पृथ्वीभर पांगू नये म्हणून माणसे नगर आणि बुरूज बांधू लागतात, आणि नेमकी पांगवली जातात. 'अनुवाद' या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञाभंगाचे शाप सांगितले आहेत. तेथे हिब्रूत थरकाप, दहशत अशा अर्थाचा शब्द आहे. भाषांतरकारांनी त्याजागी 'दियास्पोरा' लिहिले. पराभवाचे भय त्यांच्या मनात पांगण्याशीच जोडलेले असावे.

येथे एक सावधगिरी हवी. धातूत 'पेरणे' आहे एवढ्यावरून, पांगणे म्हणजे भाग्यच, असे म्हणण्याचा मोह वक्त्यांना होतो. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. जुन्या करारात हा शब्द बहुतेक ठिकाणी इशाऱ्याचा आहे, आणि त्याच्यासमोर आशेचा शब्द आहे तो गोळा करण्याचा. आकाशाच्या टोकापर्यंत पांगलात तरी तेथून तुम्हांला गोळा केले जाईल, असे वचन त्याच ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात आहे. ग्रीकमध्ये ते क्रियापद 'सुनागो'. यहुद्यांच्या प्रार्थनागृहाचे 'सिनेगॉग' हे नाव त्यातूनच आले.

नव्या करारात 'दियास्पेइरो' फक्त तीनदा येतो, आणि तिन्ही वेळा 'प्रेषितांची कृत्ये' या लूकच्या ग्रंथात. यरुशलेमात स्तेफनाला दगडमार करून ठार मारतात. त्याच दिवशी मोठा छळ सुरू होतो आणि प्रेषितांखेरीज सारे यहुदिया व शोमरोन प्रांतांत पांगवले जातात. पांगलेले लोक जागोजागी संदेश सांगत फिरतात. पुढे ते फेनिके, कुप्र आणि अंत्युखिया येथपर्यंत पोचतात. कुप्र आणि कुरेने येथले काही जण ग्रीकांशीही बोलू लागतात. त्यांची नावेसुद्धा लूक देत नाही. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम मिळाले, ते याच अंत्युखियात.

तेव्हा पांगण्याची पेरणी झाली खरी. पण लूकची वाक्ये नीट पाहा. तिन्ही ठिकाणी प्रयोग कर्मणी आहे : ते पांगले नाहीत, पांगवले गेले. शिवाय पांगवण्याचे वाक्य आणि संदेशाचे वाक्य यांच्यामध्ये त्याने स्तेफनाचे दफन आणि त्याच्यासाठी केलेला मोठा विलाप ठेवला आहे. पीक वर आले म्हणून त्याने रडणे गाळले नाही, आणि छळ करणाऱ्याचे आभारही मानले नाहीत.

हा शब्द आपल्या दारापर्यंतही आला आहे. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की, नवगावजवळ गलबत फुटले आणि वाचलेली मोजकी माणसे त्यांचे पूर्वज झाली. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. गावांवरून ते पेणकर, रोहेकर झाले आणि मराठी ही त्यांची मायबोली झाली. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्राएलला गेले. ग्रंथाच्या भाषेत ते गोळा झाले. पण कोकणच्या बाजूने पाहिले, तर पुन्हा पांगले. एकाच प्रवासाला दोन्ही क्रियापदे लागू पडावीत, याहून या शब्दाचे मर्म वेगळे काय सांगावे?

धरणाखाली गेलेले गाव असो, फाळणीत सुटलेले घर असो, की पोटासाठी शहरात आलेले कुटुंब असो; अशा माणसांना आपण फार लवकर सांगतो की, झाले ते बऱ्यासाठीच झाले. ते सांगण्याचा अधिकार आपला नव्हे. ज्याने उधळून लावले, त्याने आपल्या कृत्याला पेरणी म्हणू नये. काठावरून पाहणाऱ्यानेही म्हणू नये. ज्याला उधळले, त्याने परक्या मातीत मूळ धरल्यावर, आपला विलाप न विसरता, मी पेरला गेलो असे म्हटले, तर ते आपण मान खाली घालून ऐकावे. आणि तोवर आपली जमीन खडकाळ राहू नये, एवढी काळजी आपण घ्यावी. कारण बी कोठे पडावे हे बियाच्या हाती नसते. जमीन कशी असावी हे मात्र पुष्कळसे आपल्या हाती असते.