मत, मतांतर आणि मतदार

मराठी भाषेत ‘मत’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. विचारांती मनुष्य ज्या निर्णयाला येतो ते त्याचे मत, आणि निवडणुकीच्या दिवशी तो उमेदवाराच्या पारड्यात जे टाकतो तेही मतच. सामान्य नागरिकाच्या बाबतीत पहिल्यावरून दुसरे ठरते. राजकीय पुढाऱ्याच्या बाबतीत मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. मते कोणीकडे आहेत हे पाहून त्याचे मत बनते. समलिंगी विवाहासंबंधी पाश्चात्त्य देशांतील पुढाऱ्यांनी 1996 पासून ज्या भूमिका घेतल्या, सोडल्या आणि पुन्हा घेतल्या, त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे या दोन अर्थांमधील ओढाताण फार स्पष्टपणे दिसते.

आरंभ अमेरिकेपासून करणे सोयीचे आहे. 1996 साली तेथील एकाही राज्यात समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. परंतु हवाई राज्यात चाललेल्या एका खटल्यामुळे ती मिळण्याचा संभव दिसू लागला होता. तेवढ्या संभवानेच राजकारणी मंडळी सावध झाली आणि ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’ या नावाचा कायदा काँग्रेसपुढे आला. केंद्रीय कायद्यांच्या दृष्टीने विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचाच संबंध, आणि एका राज्यात झालेला समलिंगी विवाह दुसऱ्या राज्याने मानलाच पाहिजे असे नाही, हे त्या कायद्याचे सार. प्रतिनिधिगृहात तो 342 विरुद्ध 67 मतांनी आणि सिनेटमध्ये 85 विरुद्ध 14 मतांनी संमत झाला. अनुकूल मत देणाऱ्या सिनेटरांत डेलावेअरचे जो बायडेन हेही होते. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 21 सप्टेंबर 1996 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कोणताही समारंभ न करता त्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढे निवडणूक जवळ आली तेव्हा हीच स्वाक्षरी त्यांच्या प्रचारयंत्रणेने काही ख्रिस्ती नभोवाणी केंद्रांवरून जाहिरातीत मिरवली, आणि निषेध होताच ती जाहिरात मागे घेतली. रात्रीच्या अंधारात केलेली स्वाक्षरी ज्यांना रुचेल त्यांच्या कानी घालावयाची आणि इतरांपासून लपवावयाची, असा हा प्रकार होता. त्या वर्षी गॅलप संस्थेच्या पाहणीत समलिंगी विवाहाला अनुकूल असलेल्यांचे प्रमाण शेकडा 27 होते. तेव्हा वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे निराळे सांगावयास नको.

अशा कायद्याची झळ कोणाला लागते हे मतदानाच्या आकड्यांवरून कळत नाही. ते न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांच्या खटल्यावरून कळले. एडिथ विंडसर आणि थिया स्पायर या दोघी चाळीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहत होत्या. 2007 साली त्यांनी कॅनडातील टोरोंटो येथे विवाह केला आणि 2009 साली थिया मरण पावल्या. थियांची मालमत्ता एडिथकडे आली तेव्हा केंद्र सरकारने त्यांच्याकडून 3,63,053 डॉलर एवढा वारसा कर घेतला. मृत व्यक्ती त्यांचा पती असती तर यातला एक डॉलरही द्यावा लागला नसता. वयाच्या ऐंशीच्या घरातील या बाईंनी सरकारवर दावा लावला, आणि 26 जून 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी 1996 च्या कायद्यातील विवाहाची व्याख्या घटनाबाह्य ठरवली. पुढाऱ्यांच्या मतांतराची चर्चा करताना या सतरा वर्षांचे विस्मरण होऊ देता कामा नये. पुढाऱ्याला वाट पाहणे परवडते. ज्याचा संसार त्या मतावर अवलंबून असतो त्याच्या आयुष्यातून तेवढी वर्षे कमी होतात.

आता बराक ओबामा यांचे उदाहरण पाहावे. 1996 साली इलिनॉय राज्याच्या सिनेटसाठी ते उभे होते. त्या वेळी एका प्रश्नावलीला उत्तर देताना त्यांनी समलिंगी विवाह कायदेशीर करण्यास आपण अनुकूल असल्याचे लिहून दिले होते. 1998 साली त्यांचे उत्तर ‘अनिश्चित’ असे झाले. 2004 साली केंद्रीय सिनेटची निवडणूक लढवताना ते विरोधात होते. ऑगस्ट 2008 मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून कॅलिफोर्नियातील एका मोठ्या चर्चमध्ये बोलताना त्यांनी विवाह हा पुरुष व स्त्री यांचाच संबंध असल्याचे सांगितले. म्हणजे क्षेत्र जसजसे विस्तारत गेले, तसतसे मत आखडत गेले. 2010 पासून आपले विचार या बाबतीत ‘विकसित होत आहेत’ असे ते म्हणू लागले. पुढे 2015 साली त्यांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांनी आपल्या पुस्तकात लिहिले की, ओबामा मनातून अनुकूलच होते आणि राजकीय अडचणीमुळे त्यांनी ते लपवले. ॲक्सेलरॉड यांनी वैयक्तिक भावना आणि जाहीर भूमिका यांची गल्लत केली, असे ओबामांचे म्हणणे होते. परंतु भावना एक आणि भूमिका दुसरी असे म्हणण्याची वेळ यावी, यातच पुष्कळ काही आले.

हा पेच सुटला तो एका अनपेक्षित रीतीने. 6 मे 2012 रोजी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत उपाध्यक्ष बायडेन यांनी, 1996 साली उलट मत देणाऱ्या त्याच गृहस्थांनी, समलिंगी जोडप्यांना विवाहाचे सर्व हक्क मिळण्यास आपली काहीही हरकत नसल्याचे सांगून टाकले. दोनच दिवसांनी, 8 मे रोजी, उत्तर कॅरोलिना राज्यातील मतदारांनी शेकडा 61 मतांनी आपल्या राज्यघटनेत समलिंगी विवाहावर बंदी घातली. आणि 9 मे रोजी ओबामांनी आपला पाठिंबा जाहीर केला. गॅलपच्या पाहणीत अनुकूल लोकांचे प्रमाण 2011 साली प्रथमच निम्म्याच्या वर गेले होते, हे खरे आहे. परंतु देशाचे एक चित्र आणि एखाद्या राज्याचे दुसरे, अशीही तेव्हा स्थिती होती. 2008 साली ओबामांना मिळालेले उत्तर कॅरोलिना 2012 च्या निवडणुकीत त्यांच्या हातून गेले. त्याला हेच एक कारण होते असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या निर्णयात धोका मुळीच नव्हता असेही म्हणता येणार नाही.

त्यानंतर मात्र रांग लागली. मार्च 2013 या एका महिन्यात बिल क्लिंटन यांनी आपण सही केलेला कायदा रद्द व्हावा असा लेख लिहिला, हिलरी क्लिंटन यांनी विवाहास पाठिंबा जाहीर केला, आणि ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनीही आपले मत बदलल्याचे सांगितले. पोर्टमन यांनी 1996 साली बंदीच्या बाजूने मत दिले होते. पुढे त्यांच्या मुलाने आपण समलिंगी असल्याचे त्यांना सांगितले, आणि दोन वर्षे विचार करून त्यांनी नवी भूमिका घेतली. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, या म्हणीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्यांच्यावर टीकाही झाली: स्वतःच्या घरात प्रश्न आल्यावाचून दुसऱ्याचे दुःख दिसू नये काय? टीका अगदीच अन्यायाची नव्हती. परंतु मुलाचे बोलणे ऐकूनही मत न बदलणारे पुढारी होतेच, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

अशा मतांतराकडे पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. एक टवाळीची: वारा येईल तशी पाठ देणारे हे लोक, असे म्हणून मोकळे होणे. दुसरी भाबडेपणाची: उशिरा का होईना, पण आले, म्हणून टाळ्या वाजवणे. दोन्ही पद्धतींत मतदार आपले काम टाळतो. विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. पुढाऱ्याने मत बदलले ते बहुमत होण्यापूर्वी की नंतर? त्यासाठी त्याने काही पणाला लावले काय? आणि आपण पूर्वी उलट बोललो होतो हे तो उघडपणे कबूल करतो काय? पहिल्या प्रश्नावर 1996 सालचे ते चौदा सिनेटर उत्तीर्ण होतात. त्या चौदांपैकी मॅसॅच्युसेट्सचे जॉन केरी हे एकटेच त्या वर्षी पुन्हा निवडणुकीला उभे होते, आणि ते निवडून आले. मात्र तेच केरी 2004 साली अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा समलिंगी विवाहाला आपला विरोध असल्याचे सांगत होते. धैर्य ही एकदा मिळवून कायमची खिशात ठेवण्याची वस्तू नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिझ चेनी यांच्याकडे मिळते. 2013 साली वायोमिंगमधून सिनेटच्या उमेदवारीसाठी प्रयत्न करीत असताना त्यांनी समलिंगी विवाहाला जाहीर विरोध केला, आणि स्वतःच्या विवाहित बहिणीशीच त्यांचे वितुष्ट आले. 2021 साली दूरचित्रवाणीवर त्यांनी, आपले चुकले, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. ‘विचार विकसित झाले’ या शब्दप्रयोगात चूक कोणाचीच नसते. ‘माझे चुकले’ म्हणताना ती कोणाची हे कळते.

आयर्लंडची कथा निराळी आहे. त्या कॅथॉलिक परंपरेच्या देशात समलिंगी संबंध 1993 पर्यंत गुन्हा होता. पंतप्रधान एन्डा केनी हे स्वतः श्रद्धाळू कॅथॉलिक; या प्रश्नावर आपले मत सांगण्याचे त्यांनी आरंभी टाळले. पुढे 2013 साली त्यांच्या सरकारने सार्वमत घेण्याचे ठरवले आणि त्यांनी अनुकूल बाजूने प्रचार करण्याचे मान्य केले. त्यांच्या मंत्रिमंडळातील आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांचे वडील मुंबईहून तिकडे गेलेले डॉक्टर, आणि घराण्याचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले वराड. 2010 साली नागरी सहजीवनाच्या विधेयकावर बोलताना वराडकरांनी मुलांच्या प्रश्नावर जुन्याच पद्धतीची भूमिका घेतली होती. 18 जानेवारी 2015 रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, नभोवाणीवरील एका मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले. सार्वमताला तेव्हा चार महिने अवकाश होता आणि निकाल कोणाच्याही हाती नव्हता. 22 मे 2015 रोजी शेकडा 62 मतदारांनी अनुकूल कौल दिला. 2017 साली वराडकर पंतप्रधान झाले, आणि 2019 च्या डिसेंबरात वराड गावाने आपल्या या वंशजाचे कौतुकाने स्वागत केले.

मत न बदलताही पुढारी आपले कर्तव्य करू शकतो, हे जर्मनीच्या अँगेला मर्केल यांनी दाखवले. जून 2017 मध्ये त्यांनी या प्रश्नावर प्रत्येक सभासदाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे अशी वाट मोकळी केली. 30 जून रोजी 393 विरुद्ध 226 मतांनी कायदा संमत झाला. स्वतः मर्केल यांनी मात्र विरोधात मत दिले, कारण विवाह म्हणजे पुरुष व स्त्री यांचा संबंध ही त्यांची समजूत कायम होती. निवडणूक तोंडावर असल्याने विरोधकांच्या हातचा मुद्दा काढून घेण्याचा हिशेब त्यात होता, असे पुष्कळांनी म्हटले. तसे असले तरी स्वतःचे मत त्यांनी लपवले नाही. धर्मश्रद्धेमुळे किंवा विवेकामुळे या विवाहाला विरोध करणारा आणि त्यावर ठाम राहणारा मनुष्य आदरास पात्रच असतो. कॅथॉलिक चर्चची विवाहसंस्काराविषयीची शिकवण आजही बदललेली नाही. आक्षेप घ्यावयाचा तो श्रद्धेवर नाही. मनात एक आणि सभेत दुसरे, या व्यवहारावर घ्यावयाचा.

2015 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाहास मान्यता दिली. 13 डिसेंबर 2022 रोजी अध्यक्ष बायडेन यांनी अशा विवाहांना कायद्याचे संरक्षण देणाऱ्या आणि 1996 चा कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. ज्या हाताने एके काळी तो कायदा संमत केला, त्याच हाताने तो पुसला. कथा येथे संपली असती तर ती मोठी समाधानकारक झाली असती. परंतु गॅलपच्या पाहण्यांत रिपब्लिकन मतदारांमधील अनुकूलता 2022 साली शेकडा 55 होती, ती 2025 साली शेकडा 41 वर उतरली. वारा उलटाही फिरतो. केवळ वाऱ्याबरोबर आलेला पुढारी त्याच्याबरोबर परतही जाऊ शकतो. म्हणून तो कसा आला हे पाहणे अगत्याचे ठरते.

भारतात हा प्रश्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याच्या निमित्ताने उभा राहिला. एप्रिल 2022 मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही आणि 2024 साली लोकसभेबरोबर तेही संपुष्टात आले. 2023 साली सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्र सरकारने विरोध नोंदवला. राज्यांचे अभिप्राय मागवले तेव्हा सातांनी उत्तरे दिली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध केला, आणि त्या तीन राज्यांत तेव्हा तीन निरनिराळ्या पक्षांची सरकारे होती. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर व सिक्कीम यांनी अधिक विचारविनिमय हवा असे कळवले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी न्यायालयाने हा विषय विधिमंडळाचा असल्याचा निर्णय दिला, आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले.

म्हणजे आता हा प्रश्न न्यायासनापुढून उठून लोकप्रतिनिधींच्या दारात येऊन बसला आहे. तिकडचे पुढारी बोलले आणि बदलले. इकडचे बहुसंख्य अद्याप बोललेलेच नाहीत. मौन पाळणाऱ्याला पुढे मत बदलावे लागत नाही, ही त्यातली सोय. परंतु वारसा, निवृत्तिवेतन, रुग्णालयात सही करण्याचा अधिकार यांची वाट पाहणारी माणसे या देशातही आहेत, आणि त्यांचीही वर्षे जात आहेत. मत मागावयास येणाऱ्याला त्याचे मत विचारणे हा मतदाराचा हक्क आहे. त्याने ‘होय’ म्हटले किंवा ‘नाही’ म्हटले, तरी ते निवडणुकीपूर्वी आणि उघडपणे म्हटलेले असावे, एवढी अपेक्षा दोन्ही बाजूंच्या मतदारांना सारखीच बाळगता येईल.