नवीन मासे खात नाहीत तेव्हा

(राजोडी येथे बचत गटांच्या बैठकीत शोभिवंत मासेपालनावर केलेलं भाषण)



टाक्या बघायला गेलं की एकच प्रश्न येतो, "मासे आणले, पण खातच नाहीत, काय करू?" म्हणून आज वसुलीचा विषय नंतर, आधी हा.

पैशापासून सुरुवात करते. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटचा खर्च ३ लाख धरलाय. महिलांना ६० टक्के अनुदान, म्हणजे १ लाख ८० हजार. उरलेले १ लाख २० हजार आपले. त्यातून आणलेले मासे पहिल्याच आठवड्यात मेले तर हप्ता कुठून भरणार? आणि नवीन मासे उपासाने क्वचितच मरतात हो. आपण जास्त घातलेल्या खाण्याने मरतात.

तो मासा आला कसा ते बघा. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून भरण्याआधी त्याला मुद्दाम एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. मग कुर्ल्याच्या बाजारातून निघाला, दादरला गाडी बदलली, विरार लोकलच्या गर्दीत दाबला गेला, पुढे रिक्षा. घरी आला तर नवं पाणी, डोक्यावर लाइट, आणि काचेवर पोरांची टकटक. तो भुकेला नाही, घाबरलेला आहे. कोपऱ्यात बसणारच.

आपल्याला मात्र पाहुण्याला चहा-पाणी दिल्याशिवाय चैन पडत नाही. मग चिमूटभर दाणे टाकतो. तो खात नाही, म्हणून आणखी चिमूट. ते दाणे तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया होतो, कल्ल्यांना इजा होते आणि मासा अजूनच खाणं टाळतो. जुन्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. नव्या टाकीत ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाची निरोगी, चालू टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा, लवकर जम बसतो.

आता पद्धत. टाकीचा लाइट बंद. बंद पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी त्यात घाला, असं तीन-चार वेळा. मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. नळाचं पाणी भरणार असाल तर एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. विहिरीचं असेल तर आधी चव बघा. आपल्याकडे किनाऱ्याजवळ पाणी मचूळ लागतं. मॉलीला ते चालेल, सगळ्यांना नाही. लपायला झाडं किंवा फुटक्या मडक्याचा तुकडा ठेवा. पहिला दिवस खाणं शून्य. दुसऱ्या दिवशी दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच, उरलं तर लगेच काढायचं.

इथे गटाची खरी अडचण येते. टाकी पाचजणींची. सकाळी एक टाकते, दुपारी दुसरी येते, तिला वाटतं मासे उपाशी आहेत, तीही टाकते. कुणाची चूक म्हणून नाही, पण टाकीत पाच वेळचं खाणं पडतं. म्हणून टाकीजवळ वही टांगा. आठवड्याला एकच बाई खाणं घालेल आणि वेळ लिहील. बाकीच्यांनी बघायचं, हात लावायचा नाही.

आणखी एक. बऱ्याच माशांना दाणा म्हणजे खाणं हेच माहीत नसतं. त्यांना हलणारी गोष्ट कळते. फायटर तर त्यात पक्का हट्टी. आपले गप्पी आठवा, आरोग्यवाले विहिरीत सोडतात ते. डासांच्या अळ्यांवर कसे तुटून पडतात! तसंच करायचं. स्वच्छ पाण्याच्या बादलीतल्या अळ्या चहाच्या गाळणीने काढून धुवायच्या आणि थोड्या द्यायच्या. दोन दिवसांनी अळ्यांसोबत एक-दोन दाणे, मग हळूहळू फक्त दाणे. मात्र बादलीवर जाळी बांधा आणि दर तीन दिवसांनी रिकामी करा, नाहीतर गावात डेंग्यू आपणच पसरवू. गटाराच्या अळ्या नकोत. दाण्याचा आकारही बघा, पिल्लाला मोठा दाणा गिळता येत नाही, तो बोटाने चुरा. दांडगे मासे सगळं पळवत असतील तर दोन टोकांना टाका.

चार दिवस झाले तरी तोंड लावत नसेल तर खाणं बदलण्याआधी पाणी बघा. मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर चौथा हिस्सा पाणी बदला आणि हवेचा पंप तपासा. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो आजार आहे, लगेच कळवा. म्हणूनच नवीन मासे दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचे, जुन्यात मिसळायचे नाहीत. आणि लाइट गेली की, आपल्याकडे पावसाळ्यात जातेच, खाणं बंद. पंप थांबला की पाण्यात हवा कमी पडते, आणि खाल्लं की माशाला जास्त हवा लागते.

पुढच्या बैठकीला वही आणा आणि टाकीचं अर्धी बाटली पाणी आणा. बाटली साबणाने धुतलेली नको. अमोनिया तपासायचं किट मी घेऊन येते.