बदलाचा नियम कोण वाचतो?



मी सातवी शिकलेला युनियनवाला. तरी आज संगणकावर बोलतो आहे, त्याला कारण आहे. आमच्या एका करारात 'कामगार' ह्या शब्दाच्या जागी यंत्राने एका झटक्यात सगळीकडे 'कायम कामगार' घातले. मी न वाचता सही केली. बदली कामगारांची भरपगारी रजा गेली.

संगणकाच्या आज्ञावलीतही हीच धास्ती असते. तिचे काम तेच ठेवून मांडणी सुधारणे, ह्याला रिफॅक्टरिंग म्हणतात. लिनक्स ही १९९१ पासून अनेकांनी मिळून लिहिलेली प्रणाली. तीत आधी स्मृतीत जागा मागायची, मग ती शून्यांनी भरायची, अशी दोन आज्ञांची जोडी जागोजाग होती; पुढे दोन्ही कामे करणारी एकच आज्ञा आली. जुन्या जागा हाताने बदलायच्या म्हणजे जन्म पुरायचा नाही!

फ्रान्स व डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अशा कामासाठी 'कोक्सिनेल' हे हत्यार केले. त्यात बदलाचा नियम हत्याराच्या पोटात नसतो. तो बाहेर, चिठ्ठीवर असतो. काढायच्या ओळीपुढे वजा, घालायच्या ओळीपुढे अधिक. लिनक्सवाले आपसांतल्या दुरुस्त्या ह्याच खुणांनी लिहीत आले होते. म्हणून चिठ्ठी त्यांना वाचता येते, नवी लिहिताही येते. बदलासोबत पुष्कळदा ती चिठ्ठीही पाठवतात, आणि त्या भागाचा राखणदार विचारू शकतो : दोन आज्ञांच्या मध्येच त्या जागेत काही लिहिले गेले असेल तर? मग चिठ्ठीत एक अट वाढते, हत्यार खोलावे लागत नाही.

आमच्या करारावर असे विचारणे माझे काम होते.