दोन एकर बाग आणि एक लाल बाटली

आज मी वाइन प्या म्हणायला आलेलो नाही, पिऊ नका म्हणायलाही नाही. आज एका व्हॉइस नोटला उत्तर द्यायचंय.

भूम तालुक्यातलं ईट हे आमचं गाव. शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मित्र अजून तिथेच शेती करतो. परवा रात्री त्याचा आवाज आला, "घरची दोन एकर द्राक्षबाग आहे. यंदाही व्यापाऱ्यानं भाव पाडला. नाशिककडं लोक स्वतःची वाइन काढतात, मग आपण का नाही?" आणि मागून त्याच्या माळकरी आजोबांचा आवाज, "काय काढतो म्हणालास?"

हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. घर त्या बागेवर चालतं.

आधी एक उदाहरण बघू. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या काठी गंगावऱ्हे गावात गुरनानी कुटुंबाने 2006 मध्ये यॉर्क वाइनरी सुरू केली. नाव इंग्लंडच्या शहरावरून नाही बरं का! योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ते झालंय. कैलाश ऑस्ट्रेलियात वाइन बनवायचं शिकून आला. त्यांची 'अॅरोस' ही लाल वाइन शिराज आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन जातींची. घरच्यांनी उभी केलेली वाइनरी, नाव झालं, लोक बघायला येऊ लागले. आणि 2021 मध्ये ती सुला या मोठ्या कंपनीने विकत घेतली. म्हणजे चांगली वाइन बनवणं ही एक गोष्ट, आणि लहान राहून टिकणं ही दुसरी.

आता लाल वाइन होते कशी? गंमत म्हणजे बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच असतो. रंग सालीत असतो. म्हणून घड फोडून साल, बिया, रस सगळं एकत्र टाकीत ठेवतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल तयार होतं, सालीतून रंग आणि तुरटपणा उतरतो. आठ-दहा दिवसांनी चोथा दाबून वेगळा काढतात. मग टाकीत नाहीतर ओक लाकडाच्या पिंपात मुरायला ठेवतात. नेहमीचं पिंप 225 लिटरचं, म्हणजे 300 बाटल्या.

पण भावा, तुझी बाग खायच्या द्राक्षांची आहे. सोनाका, थॉमसन चवीला गोड, मण्याला मोठी, पण त्यातून चांगली लाल वाइन निघत नाही. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. म्हणजे बाग नव्याने लावायची. उत्पन्नही मुद्दाम कमी धरायचं, एकरी चार-पाच टनांच्या आसपास, कारण वेलीवर घड जास्त झाले की रस पातळ पडतो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं धर. दोन एकरांत आठ टन माल आला, तर सहा हजारांवर बाटल्या. ऐकायला भारी वाटतं ना?

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर छाटणीचा माल फेब्रुवारीत तोडलास, तर लाल वाइन विकायला वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. तोवर पैसा टाकीत अडकलेला. टाकी थंड ठेवायला वीज लागते, आणि आपल्याकडची वीज कशी येते-जाते ते तुला मी काय सांगू! शिवाय उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. परवान्याशिवाय घरी वाइन काढून विकणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. यूट्यूब बघून माठ भरायच्या भानगडीत पडू नकोस.

सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला सवलती दिल्या, हे खरं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णयही झाला. शेतकऱ्याला फायदा होईल असं सरकार म्हणालं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अडकला. धोरणावर भरवसा ठेवून कर्ज काढायचं, तर हे लक्षात ठेव.

मग काय, गप्प बसायचं? नाही. मधला रस्ता आहे, करार शेती. बऱ्याच वाइनरी शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेतात. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली आहे. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे भाऊ, दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून ती उभी केली. पण कुठलीही वाइनरी असो, रोप लावायच्या आधी विचार: कुठली जात, साखर किती हवी, भाव कसा ठरणार, पावसात माल खराब झाला तर नुकसान कुणाचं, गाडीभाडं कुणाचं? सगळं कागदावर घे. तोंडी शब्दावर वेल लावू नकोस, कारण वेल पंधरा वर्षं उभी राहते, शब्द नाही.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अर्धा एकर करून बघतो. बाकीची बाग आहे तशी ठेवतो." आणि आजोबा? ते म्हणाले, "द्राक्षं विकायला माझी ना नाही. बाटली मात्र माझ्या देवघराच्या घरात यायची नाही."

मला दोघांचंही पटलं. तुमच्या घरात असा वाद झालाय का? काय ठरलं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!